उजव्या हाताची तर्जनी

पुणे, ९ ऑक्टोबर २०२४

ती. हेमाताई,

नमस्कार. तुझ्या गंधारकडून कळलं की कानाचं नवं यंत्र तू महिन्याभरातच कपाटात ठेवलंस. म्हणजे फोनचा मार्ग बंद. मोबाईलवरची अक्षरं दिसत नाहीत हे तर तू मागेच जाहीर केलेलं आहेस. तेव्हा पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, कुरिअर का नाही करत, लवकर जाईल. म्हटलं, माझ्या बहिणीला घाई नाही.

स्टुडिओ बंद केल्याचं तुला कळवलं होतं, पुढचं सांगायचं राहिलं. साड्यांचे दुकानदार आता साडीचा फोटो मोबाईलवर काढतात आणि ती नेसलेली बाई कॉम्प्युटरकडून बनवून घेतात. ती बाई जगात नसते, तिला चहा द्यावा लागत नाही आणि फोटोग्राफरही लागत नाही. मी चार महिने घरात येरझाऱ्या घातल्या. मग अवनी म्हणाली, "बाबा, हे तुम्हीच का नाही करत? लाइट कळतो तुम्हाला, फ्रेम कळते. बाकीचं मी शिकवते, इट्स नॉट रॉकेट सायन्स." मुलीकडून शिकायला मला लाज नाही, फक्त ती फार भरभर बोलते.

काम असं आहे. कॉम्प्युटरला शब्दांत सांगायचं की अमुक चित्र हवं, की तो काढून देतो, अगदी फोटोसारखं दिसणारं. मग ते परदेशातल्या एका वेबसाइटवर ठेवायचं. तिथून जगभरातले जाहिरातवाले, मासिकवाले आपल्याला हवी ती चित्रं विकत घेतात. पण ठेवायचं म्हणजे आधी त्यांच्या तपासनिसाने ते पास करायला हवं, आणि माझं घोडं तिथे अडलंय.

वर्ष होत आलं. रोज सकाळी अंघोळ उरकून बसतो आणि लिहितो, "मराठी कुटुंब, दिवाळीचा फराळ, सकाळचा उजेड." चित्र येतं. चकली बांगडीएवढी, करंजीला समोशाची टोकं, आणि आजोबांच्या हाताला बोटं जास्त. चकलीवरून कोणी काही परत करत नाही, ती त्यांना कळतच नाही. बोटं मात्र बरोबर कळतात. म्हणून मी दिवसभर हात तपासतो. जास्तीचं बोट पुसतो, वाकडं सरळ करतो, चिकटलेली सोडवतो. तरी परत येतात. "हाताच्या रचनेत दोष." "अशी चित्रं आमच्याकडे पुरेशी आहेत." कारण छापील असतं, खाली कोणाची सही नसते, जाऊन भांडायची सोय नाही. नापास फार झाली की खातंच बंद करतात म्हणे.

ताई, मी थकलोय. राधाला हे सांगत नाही. तिच्या शिकवण्यांवर सध्या घर चाललंय, तेव्हा थकायचा हक्क पहिला तिचा.

पुढच्या महिन्यात तुझं बँकेत हयातीच्या दाखल्याचं काम असेल. एकटी जाऊ नकोस, गंधारला घेऊन जा.

तुझा
आमोद


बडोदा, २१ ऑक्टोबर २०२४

आमोद,

आशीर्वाद आहेतच, दर पत्रात लिहीत बसत नाही.

यंत्र कपाटात ठेवलं कारण त्यातून मिक्सर ऐकू येतो, शेजाऱ्यांची मोटारसायकल ऐकू येते, आणि समोरचा माणूस तेवढा येत नाही. जन्मभर टेलिफोन ऑफिसात हेडफोन लावून लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिले. कानांनी त्यांची नोकरी पुरी केली, आता मीही त्यांना छळत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मला समजलं ते असं, की तू नसलेल्या माणसांच्या हातांची डागडुजी करतोस. मी याहून वाईट नोकऱ्या करणारे लोक पाहिलेत. पण मग तुझ्याकडे जन्मभराचे खरे फोटो पडलेत त्यांचं काय? मंडईतल्या बायका, स्वारगेटवर गाठोड्यांना टेकून झोपलेली माणसं, कसब्यातल्या आपल्या दोन खोल्या. त्यांची बोटं देवाने मोजून दिलेली आहेत. ते का नाही पाठवत? का तिकडे खऱ्या माणसांना मज्जाव आहे?

थकलोय हे राधाला सांग. तिला ते कळलेलं असणारच, फक्त तू सांगत नाहीस याचा तिला राग येत असेल. माधवराव शेवटच्या दुखण्यातही मला ठणठणीत आहे असंच सांगत राहिले. ते जाऊन इतकी वर्षं झाली, तो राग माझा अजून गेलेला नाही.

आणि एखादं चित्र पास झालंच, तर कसलं पास झालं ते नीट लिही. मोबाईलवर मला बघता येत नाही, कागदावर वाचता येतं.

हेमाताई


पुणे, ४ नोव्हेंबर २०२४

ती. हेमाताई,

काल भाऊबीज झाली. तुझं ओवाळणं नाही म्हणून अवनीने ओवाळलं, आणि ओवाळणी मात्र तुझ्या दराने मागितली.

खरे फोटो पाठवून पाहिले होते. निगेटिव्ह शोधून, पुसून, स्कॅन करून. पर्वतीचा फोटो "कण दिसतात" म्हणून परत आला. ते फिल्मचे कण आहेत, तेव्हाचे फोटो असेच यायचे, हे सांगायला समोर कोणी नाही. माणसांच्या फोटोंचं तर विचारूच नकोस. चेहरा ओळखू येत असेल तर त्या माणसाचं सही केलेलं संमतिपत्र लागतं, साक्षीदारासकट. मंडईत लिंबं विकणाऱ्या गोदाबाईंना मी आता कुठे शोधू? कॉम्प्युटरच्या माणसांना ती भानगड नाही. तिथे एक चौकोन असतो, "यातील व्यक्ती काल्पनिक आहे." त्यावर खूण केली की काम झालं.

तर बातमी अशी की एक पास झालं. मागच्या गठ्ठ्यातलं ते एकच, बाकीची सगळी परत. आणि नुसतं पास झालं नाही, विकलं जातंय. वेबसाइटने ते पहिल्या पानावर लावलंय. अशीच आणखी पाठवा म्हणून त्यांचा निरोप आला. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी मला काही बरं लिहिलं. अवनीने ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. राधाने शिरा केला.

कसलं ते लिही म्हणालीस म्हणून लिहितो. तिशी ओलांडलेली एक बाई गॅलरीत बसून ताटात तांदूळ निवडतेय. नुकतीच न्हायलेली, केस मोकळे, पाठीमागून ऊन आलंय. ब्लाउजचं एक बटण तुटलंय, तिथे सेफ्टी पिन लावलीय. ती कॅमेऱ्याकडे बघत नाही, आत काहीतरी चाललंय ते ऐकतेय असं वाटतं. बाकी चित्रात विशेष काही नाही. ते का पास झालं मला सांगता येणार नाही.

फराळाचा डबा वेगळा पाठवला आहे. त्यातल्या चकल्या खऱ्या आहेत.

तुझा
आमोद


बडोदा, १४ नोव्हेंबर २०२४

आमोद,

फराळ पोचला. चकली मऊ पडली होती, चव चांगली होती.

दाखल्यासाठी बँकेत जाऊन आले. मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा लागला. दुसरा अंगठा ठेवला, मग एकेक करून बोटं. सगळ्यांना लाल. वयामुळे रेषा पुसल्यात म्हणे. मग तिथल्या बाईंनी मला मोबाईलसमोर बसवलं. त्या काहीतरी सांगत होत्या, मला ऐकू येईना, मी आपली त्या मोबाईलकडे टक लावून बघत बसले. बाहेर आल्यावर गंधारने लिहून दाखवलं की त्या डोळे मिचकवा म्हणत होत्या. जिवंत माणूस डोळे मिचकावतो, फोटो मिचकावत नाही, म्हणून ती तपासणी असते. मी मिचकावले नाहीत, तेव्हा मी फोटो ठरले. मोठे साहेब मुलीच्या लग्नासाठी महिनाभर रजेवर आहेत, ते आल्यावर या म्हणाल्या. तर तूर्त मी हयात नाही.

आता तुझं चित्र. ते बटण तुटलं होतं कारण मी माहेरी आले ती आईच्या आजारपणात, धुतलेला दुसरा ब्लाउज तेवढा एकच होता आणि सुईदोरा घेऊन बसायला उसंत नव्हती. आणि आत काय चाललं होतं तेही सांगते. आई खोकत होती. ती पुन्हा हाक मारते का ते मी ऐकत होते. हे सगळं तू कॉम्प्युटरला शब्दांत लिहून दिलं होतंस का?

मी बहिरी झालेय, आंधळी नाही. तो फोटो आहे, आणि त्यातली बाई मी आहे. तू नवा कॅमेरा घेतलास त्या हिवाळ्यातला. मला हे सरळ का लिहिलं नाहीस ते तू सांगशीलच. मला आधी दुसरं विचारायचंय. तांदूळ मी उजव्या हाताने निवडते. लहानपणी दारात चेंगरून वाकडं झालेलं माझं बोट त्यात कसं आलंय?

हेमाताई


पुणे, २४ नोव्हेंबर २०२४

ती. हेमाताई,

तुझं पत्र आल्यावर मूळ स्कॅन आणि पास झालेलं चित्र शेजारी शेजारी ठेवलं. बोट सरळ आहे. मी सरळ केलंय.

कसं झालं ते सांगतो, सांगितल्याने चूक कमी होणार नाही तरी. जुने फोटो स्कॅन केले त्यातला तुझा कॉम्प्युटरने बनवलेल्या चित्रांच्याच फोल्डरमध्ये पडला होता. दिवसभर हात बघून बघून असं होतं की मी चेहरा बघतच नाही, चित्र उघडलं की थेट हातावर जातो. वाकडं बोट दिसलं, सरळ केलं, पुढचं उघडलं. मग सगळा गठ्ठा एकदम निवडला आणि वरच्या चौकोनांवर एकदाच खूण केली. कॉम्प्युटरने बनवलेलं आहे, व्यक्ती काल्पनिक आहे. ती खूण सगळ्यांना लागली, तुलाही लागली.

पास झाल्याचा निरोप आला तेव्हा मी चित्र नीट पाहिलं आणि तू दिसलीस. त्याच क्षणी काढून टाकायला हवं होतं. पण स्वयंपाकघरात राधा रवा भाजत होती आणि वर्षभरात ती पहिल्यांदा गुणगुणत होती. मला उठवेना. तुला लिहिताना वाटलं, सगळं वर्णन केलं तर सांगितल्यासारखंच होईल. बोटाचं मात्र मला खरोखर माहीत नव्हतं. ज्या बोटाला धरून मी शाळेत गेलो ते समोर आलं आणि मला ओळखू आलं नाही. मला लाज वाटते ती याची.

अवनी म्हणते, "बाबा, लीव्ह इट. कोणाला कळणारे? उलट तुम्ही सांगितलंत तर ते अकाउंटच ब्लॉक करतील." तिचं खरं आहे. आणि हे एक चित्र काढून टाकलं तर माझ्या खात्यात नाव घेण्यासारखं काही उरत नाही. या वयात मला आणखी नवीन काही शिकता येईल असं वाटत नाही, ताई.

पण फोटो तुझा आहे. काढून टाक म्हणालीस तर टाकतो. खरा म्हणून पुन्हा पाठव म्हणालीस तर त्यांचं संमतिपत्र सोबत ठेवलंय. इंग्रजीत आहे, प्रत्येक ओळीखाली मी पेन्सिलने मराठीत अर्थ लिहिलाय.

तुझा
आमोद


बडोदा, ३ डिसेंबर २०२४

आमोद,

पत्र वाचून राग आला आणि तो अजून आहे.

मला काल्पनिक म्हणालास त्याचा नाही. तसं तर बँकेनेही म्हटलंय, दाखला नाही म्हणून या महिन्याची पेन्शन अडवलीय. राग बोटाचा आहे. शाळेत मुली त्या बोटावरून चिडवायच्या. मला बघायला मंडळी यायची तेव्हा आई दारातच सांगायची, हात पदराखाली ठेव. माधवरावांनी लग्नानंतर पाहिलं, काही बोलले नाहीत, पण मी अंगठी कधी त्या हातात घातली नाही. एवढ्या सगळ्यात एकच जागा होती जिथे ते बोट उघड्यावर होतं, उन्हात, आणि मी ते लपवत नव्हते. तुझा तो फोटो मला त्यासाठी आवडायचा. तुला कधी सांगितलं नाही, कारण तू फोटोग्राफर, तुला दिसत असेलच असं मला वाटायचं.

संमतिपत्रावर सही केली आहे. साक्षीदार म्हणून गंधारची आहे. माझी संमती मूळ फोटोला आहे, बोटासकट. त्या सरळ बोटाच्या बाईला मी ओळखत नाही, तिच्या वतीने मला सही करता येणार नाही.

खातं गेलं तर जाऊ दे असं मी इथे बसून म्हणणार नाही. घर तुला चालवायचंय. तेव्हा आधी राधाला सगळं सांग, शिरा केला त्या दिवसापासूनचं, आणि दोघं मिळून काय ते ठरवा. मला नंतर कळवलंस तरी चालेल, पण खरं कळव.

हेमाताई


पुणे, १९ डिसेंबर २०२४

ती. हेमाताई,

राधाला सांगितलं. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "शिऱ्यात तूप उगाच घातलं." आणि मग म्हणाली, काढून टाका, ताईंना तसं नाही ठेवायचं. थकलोय हेही सांगून टाकलं. तुझं बरोबर होतं, तिला माहीत होतं.

सरळ बोटाचं चित्र काढून टाकलं आणि चूक झाल्याचं कळवलं. ताकीद आली, पुन्हा असं झालं तर खातं कायमचं बंद. मग तुझा मूळ फोटो पाठवला, संमतिपत्र जोडून, खरा म्हणून. "यातील व्यक्ती खरी आहे" हा चौकोन कुठे असतो ते मला शोधावं लागलं. त्यावर खूण करताना मला बरं वाटलं, हे तुला सांगायला हरकत नाही. वर्षभरात त्या खुर्चीत बसून तेवढं एकदाच बरं वाटलं.

फोटो परत आला. "हाताच्या रचनेत दोष. चित्र कॉम्प्युटरने बनवलेलं असण्याची शक्यता." खाली सूचना होती, पाठवण्यापूर्वी बोटं तपासावीत.

मी पुन्हा पाठवला. सोबत लिहिलं की ही माझी थोरली बहीण आहे, तिचं बोट लहानपणापासून असंच आहे, तिची सही जोडली आहे. तेच छापील उत्तर आलं. माझं कोणी वाचलं असेल असं वाटत नाही. आता तिसऱ्यांदा पाठवला तर खातं जाईल, म्हणून थांबलो.

मी हरलो, ताई. बोट सरळ करून पाठवली तर तू सगळ्या जगाला चालतेस, आणि आहेस तशी पाठवली तर चालत नाहीस. उद्या पुन्हा बसायचंच आहे. संक्रांतीची मागणी आलीय, तिळगूळ देणारे हात हवेत म्हणे, आणि आत्तापर्यंत आलेल्या एकाही हाताला धड अंगठा नाही.

तुझ्या पेन्शनचं काय झालं? गंधारला विचारलं तर तो म्हणतो, आई स्वतः लिहील.

तुझा
आमोद


बडोदा, २८ डिसेंबर २०२४

आमोद,

पेन्शन सुटली. कशी ते ऐक.

साहेब रजेवरून आले, मला समोरच्या खुर्चीत बसवलं. मशीन पुन्हा आणलं, पुन्हा लाल दिवे. मोबाईल आणला. या वेळी मी इतके डोळे मिचकावले की त्याला माझा चेहराच सापडेना. साहेब भले गृहस्थ, त्यांनी कपाटातून माझे निवृत्तीच्या वेळचे कागद काढायला लावले. त्यावर फोटो आहे, पण तो पाहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत फोटोकडे पाहिलं. तेव्हाची मी आणि आत्ताची मी, त्यांचा काही दोष नाही.

मग त्यांनी खालची एक ओळ वाचली. मला ऐकू आली नाही म्हणून कागद माझ्याकडे फिरवला. ओळखखूण या रकान्यात लिहिलं होतं, उजव्या हाताची तर्जनी टोकाला वाकडी. ते माझंच अक्षर. ऑफिसातून निघताना भरावं लागलं होतं, तीळ नाही, व्रण नाही, मग काय लिहिणार म्हणून चिडून लिहिलं होतं. मी ते पार विसरून गेले होते.

साहेबांनी हात पुढे करा अशी खूण केली. मी पदराखालून काढून टेबलावर ठेवला. त्यांनी बोट पाहिलं, कागद पाहिला, सही केली आणि शिक्का मारला. आमोद, मला एकदम रडू आलं. गंधारला वाटलं पेन्शन सुटली म्हणून.

तू हरलास बिरलास काही लिहू नकोस. तुझ्या त्या तपासनिसाला माझं बोट खोटं वाटलं, त्याला मी पुन्हा पटवायला जाणार नाही आणि तूही जाऊ नकोस. तो फोटो कागदावर मोठा काढून पाठव, स्टुडिओत काढायचास तसा, मागे नाव आणि साल घालून. गंधारने खिळा ठोकून ठेवलाय.

तिळगुळाचे हात खुशाल सरळ कर, ते कोणाचेच नाहीत. माझं बोट तेवढं आहे तसं येऊ दे. पुढच्या नोव्हेंबरात ते मला पुन्हा दाखवावं लागणार आहे.

हेमाताई